संकल्पासोबत औषधही

परदेशस्थ साधकहो,

थायलंडमधले मजूर क्रॅटमची पाने चघळून उन्हात राबत आले. अमेरिकेतल्या दुकानांत मात्र त्या पानात नाममात्र असणाऱ्या ७-हायड्रॉक्सीमिट्राजिनीनच्या तीव्र गोळ्या मिळू लागल्या. २०२५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्यावर नियंत्रणाची शिफारस केली. हा घटक मेंदूत अफूच्याच वाटेने काम करतो. म्हणून सोडताना नाक वाहते, अंग ठणकते, पाय स्वस्थ राहत नाहीत, डोळ्याला डोळा लागत नाही.

तेव्हा ‘माझी श्रद्धाच कमी पडली’ असे मनाला लावून घेऊ नका. हे शरीराचे देणे आहे आणि (वाणिज्य शिकत असल्याने हिशेबच सुचतो) ते हप्त्यांनी फेडता येते. डॉक्टरांना रोजचे प्रमाण खरे सांगा. ते मात्रा हळूहळू उतरवतील, गरज पडल्यास औषध देतील. झोप येत नसेल त्या रात्री माळ हातात घ्या, पण औषधाची वेळ चुकवू नका.