जलमग्न गुहेतील मुख्य दिवा आणि ज्योतीचा प्रश्न

माणसाने ज्ञानाच्या साधनांवर किती विसंबावे, हा प्रमाणशास्त्राचा, म्हणजे यथार्थ ज्ञान कशाने होते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा, मूलभूत प्रश्न आहे. जमिनीवर, उजेडात वावरताना तो सहसा ग्रंथांतच राहतो, कारण एक साधन चुकले तरी दुसरे आपोआप मदतीला येते. उत्तर फ्लोरिडातील झऱ्यांच्या आणि मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील सेनोटे नावाच्या विवरांच्या खाली चुनखडीचा खडक विरघळून ज्या लांबच लांब गुहा तयार झाल्या आहेत, त्यांत शिरणाऱ्या पाणबुड्यासमोर मात्र तोच प्रश्न एका वस्तूच्या निवडीच्या रूपाने उभा राहतो. डोक्यावर खडकाचे छत असल्याने त्याला सरळ वर येता येत नाही आणि सूर्यप्रकाश गुहेच्या तोंडापासून थोड्याच अंतरावर संपत असल्याने त्याचे दिसणारे जग सोबतच्या दिव्याएवढेच उरते. हा मुख्य दिवा कोणता असावा याचा विचार नीट केला, तर प्रकाशाचे प्रामाण्य कोठपर्यंत मानावे, हेही स्पष्ट होऊ लागते.

केव्ह डायव्हिंगच्या रूढ शिस्तीत प्रत्येक पाणबुड्याने किमान तीन दिवे न्यावेत, एक मुख्य आणि दोन राखीव, असा नियम आहे. शेक एक्सली या अमेरिकी पाणबुड्याने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बेसिक केव्ह डायव्हिंग’ या पुस्तिकेत प्राणघातक अपघातांची चिकित्सा करून जी दृष्टी दिली, तिच्या परंपरेत हा नियम इतर चार नियमांच्या जोडीने सांगितला जातो : योग्य प्रशिक्षण, उघड्या पाण्यापर्यंत अखंड असलेली मार्गदर्शक दोरी, खोलीची मर्यादा, आणि श्वसनवायूचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी वापरून उरलेले दोन तृतीयांश परतीसाठी व संकटासाठी राखणे. मुख्य दिव्याच्या प्रचलित रचनेत बॅटरी कमरेच्या जलरोधक डब्यात असते, तेथून निघालेली वायर हाताच्या पाठीवर बसवलेल्या दिव्यापर्यंत जाते आणि बोटे दोरी हाताळायला मोकळी राहतात. हॅलोजनची जागा पुढे एचआयडी दिव्यांनी आणि नंतर एलईडीने घेतली, लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे डबे लहान झाले; परंतु दिवा ठरलेल्या मुक्कामाहून पुष्कळ अधिक वेळ जळला पाहिजे आणि प्रत्येक राखीव दिवा एकट्यानेही बाहेर येईपर्यंत पुरला पाहिजे, ही अपेक्षा मात्र बदललेली नाही.

दिवा निवडताना पहिली भूल पडते ती प्रखरतेची. ल्यूमेन हे दिव्यातून सर्व दिशांना बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप आहे, तर लक्स हे एखाद्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष किती प्रकाश पडतो याचे. त्यामुळे ल्यूमेनचा आकडा मोठा असूनही ज्याचा प्रकाश चहूकडे फाकतो असा दिवा दूरच्या भिंतीवर कमी प्रकाश टाकू शकतो. पाण्यात गाळाचे कण तरंगत असतील, तर फाकलेला प्रकाश त्यांच्यावरून उलटून डोळ्यांत येतो आणि प्रकाश वाढवावा तसे दिसणे कमी होत जाते. म्हणून या कामासाठी अरुंद, एकवटलेला झोत पसंत केला जातो. न्यायदर्शनाने चाक्षुष प्रत्यक्षाची, म्हणजे डोळ्यांनी होणाऱ्या ज्ञानाची, जी मीमांसा केली आहे, तिच्याशी हे पूर्णपणे जुळते. त्या मीमांसेत प्रकाश हे सहकारी कारण आहे. तो असल्यावाचून दिसत नाही, पण केवळ तो आहे एवढ्याने दिसतेच असेही नाही. गाळ ढवळला गेला की दिवा जळत असतो, डोळे उघडे असतात आणि तरीही समोरचा हात दिसत नाही. या अवस्थेत बॅटरी उत्तम आहे याचा काहीच उपयोग होत नाही, आणि आपण ज्याला ज्ञानाचा आधार समजत होतो तो त्याचा एक साहाय्यक तेवढा होता, हे तेथे ध्यानात येते.

झोत अरुंद असावा याला आणखी एक, अधिक गंभीर कारण आहे. पाण्याखाली पाणबुड्यांना एकमेकांशी बोलता येत नाही. भिंतीवर झोताचे वर्तुळ काढले की ‘सर्व ठीक आहे ना’ असा प्रश्न होतो आणि तसेच वर्तुळ हे त्याचे उत्तर होते, झोत सावकाश आडवा हलवला तर लक्ष वेधले जाते, आणि तो वेगाने आडवा हलला तर संकट ओळखले जाते. पुढे असलेल्या सोबत्याला मागे न वळताही आपल्या झोताशेजारी दुसऱ्याचा झोत दिसत राहतो आणि तो दिसेनासा झाला की त्याने थांबून पाहावे, असा संकेत आहे. म्हणजे दिवा निवडणारा मनुष्य स्वतःच्या डोळ्यांची सोय पाहतो त्याच वेळी दुसऱ्याला देण्याचे आश्वासनही निवडत असतो. ज्याचा दिवा नीट खूण करू शकत नाही, तो स्वतः सर्व पाहत असला तरी सोबत्याच्या दृष्टीने मुका असतो.

बृहदारण्यकोपनिषदाच्या चौथ्या अध्यायात जनक राजा याज्ञवल्क्यांना विचारतो, की या पुरुषाला कोणती ज्योती आहे, म्हणजे तो कोणत्या प्रकाशाच्या आधाराने वावरतो. उत्तर प्रथम सूर्याचे येते. सूर्य मावळल्यावर चंद्राचे, चंद्रही मावळल्यावर अग्नीचे, अग्नी विझल्यावर वाणीचे, आणि वाणीही शांत झाल्यावर आत्म्याचे. या संवादात दर वेळी ज्योतीचे कार्य सांगताना बसणे, जाणे, कर्म करणे आणि परत येणे अशा क्रिया क्रमाने सांगितल्या आहेत. प्रकाशाची कसोटी येथे परतण्यापर्यंत नेलेली आहे, ही गोष्ट फार मोलाची आहे. कारण गुहेत किती आत पोहोचता आले यावरून दिव्याची योग्यता ठरत नाही, ती सुखरूप बाहेर आणण्यावरून ठरते. उपनिषदात वाणी चौथ्या स्थानी येते, कारण स्वतःचा हातही दिसत नाही अशा अंधारात मनुष्य आवाजाच्या रोखाने जातो. गुहेत वाणी आरंभीच हरपलेली असल्याने अग्नीच्या वंशातील दिव्यालाच तिचे काम करावे लागते, आणि दिवा विझल्यावर तिची जागा स्पर्श घेतो : अंगठा आणि बोटे यांचे कडे करून त्यातून दोरी सरकू देत आणि सोबत्याच्या अंगावरचा हात न सोडता पाणबुडा बाहेर येतो.

या क्रमाच्या शेवटी पाणबुड्याची मनःशांती ठेवून तिलाच याज्ञवल्क्यांची आत्मज्योती म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. मनाची शांती ही सरावाने येणारी आणि भीतीने जाणारी वृत्ती आहे. अद्वैत वेदान्तानुसार आत्मा स्वयंज्योती आहे, म्हणजे त्याला प्रकाशित करण्यास दुसरा प्रकाश लागत नाही, आणि शांती व भीती या दोन्ही वृत्ती त्याच्यामुळेच जाणल्या जातात. अंधाराबद्दलचा जुना वाद येथे उपयोगी पडतो. न्याय-वैशेषिकांच्या मते अंधार हा तेजाचा अभाव आहे, तर भाट्ट मीमांसक त्याला स्वतंत्र द्रव्य मानतात. पण अंधार पाहण्यासाठी दिवा लागत नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. तिन्ही दिवे गेले तरी ‘येथे अंधार आहे’ हे ज्ञान उरतेच, आणि दोरी धरण्याचा निर्णय त्याच ज्ञानापासून सुरू होतो.

यातून एक आचारधर्म निघतो. तीनपैकी कोणताही एक दिवा बंद पडला, की दोन चालू असतानाही सर्वांनी मागे फिरावे असा नियम आहे, आणि तो पाण्यात उतरण्यापूर्वीच मान्य करावा लागतो, कारण पुढे जाण्याची ओढ लागलेली बुद्धी ऐन वेळी उरलेल्या दिव्यांचाच युक्तिवाद पुढे करते. हे माघार घेणे भित्रेपणाचे नसते. राखीव साधन परतीसाठी आहे आणि ते पुढे जाण्यासाठी खर्च करणे हा सोबत्यांशी केलेल्या कराराचा भंग आहे, याची ती कबुली असते. म्हणून मुख्य दिवा निवडताना तो किती झगझगीत आहे याआधी विचारायचे ते असे : तो सोबत्याशी स्पष्ट बोलू शकतो काय, त्याच्या वायरचे आणि जोडांचे काम भरवशाचे आहे काय, तो हातातील दोरीच्या आड येत नाही ना, आणि तो विझल्यावर उरणाऱ्या व्यवस्थेचा सराव त्याच्या धन्याने केला आहे काय. ज्या साधनाच्या अभावाची तयारी केलेली आहे, त्याच्यावरच निश्चिंतपणे विसंबता येते. आणि श्रद्धा, गुरू, ग्रंथ, तर्क अशा ज्या ज्या दिव्यांच्या आधारे माणूस अज्ञातात पाऊल टाकतो, त्या सर्वांकडे याच कसोटीने पाहिले, तर त्यांच्याविषयीचा आदर कमी न होता तो अधिक डोळस होतो.