मामा नसताना

पुण्यातल्या चौकात येणारा दुचाकीस्वार आधी सिग्नलकडे बघत नाही. तो बघतो झाडाखाली, टपरीच्या आडोशाला, उड्डाणपुलाच्या खांबामागे. तिथे पांढरा शर्ट दिसला तर लाल दिवा लाल. नाही दिसला तर ज्याची त्याची मर्जी. समोरून येणारा अनोळखी माणूस हेडलाइट मिचकावून सांगतो, ‘पुढे मामा आहेत.’ एरवी कुणी कुणाला इंचभर जागा देत नाही. ही खबर मात्र न मागता मिळते.

बेशिस्तीची कारणं विचारली की आपण वाहनांची गर्दी, अरुंद रस्ते, खड्डे, मेट्रोची खोदाई अशी यादी वाचतो. ती खोटी नाही. पण या सगळ्याच्या बुडाशी एक समजूत घट्ट बसली आहे : वाहतुकीचा नियम हा माझ्या आणि पोलिसाच्या मधला मामला आहे. पोलिसाला चुकवलं की विषय संपला. ज्याच्या जिवासाठी तो नियम केला, तो रस्ता ओलांडणारा म्हातारा किंवा शाळेतून परतणारी पोर या हिशेबात कुठेच नसते.

ही समजूत जुनीच. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा डबलसीट जाणं आणि रात्री दिव्याविना सायकल चालवणं हे गुन्हे होते. चौकाच्या अलीकडे मागचा उडी मारून उतरायचा, हवालदारासमोरून साळसूदपणे चालत जायचा आणि पुढच्या वळणावर पुन्हा कॅरिअरवर बसायचा. ते किस्से आजही कौतुकाने सांगितले जातात. सायकलच्या वेगात चूक झाली तर गुडघा फुटायचा, थोडी बाचाबाची व्हायची, दोघेही आपापल्या घरी जायचे.

मग आकुर्डीहून बजाजच्या स्कूटर आल्या, १९७२ साली कायनेटिकची लुना आली, पुढे गिअरची कटकट नसलेल्या गाड्या आल्या. वाहन बदललं, सवयी सायकलच्याच राहिल्या. दोन गाड्यांमधल्या फटीत घुसायचं, डावीकडून ओव्हरटेक करायचा, ‘इथेच तर जायचंय’ म्हणत राँग साइडने निघायचं. मात्र ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. धोका दिसला, मेंदूने हुकूम दिला आणि हात ब्रेकवर गेला, एवढ्यात ते १४ मीटर संपलेले असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. सायकलवरची मिजास इंजिनाला परवडत नाही.

संध्याकाळी नळस्टॉपला पाच मिनिटं उभं राहून बघावं. सिग्नलवरचे आकडे उतरत असतात. पाचावर आले की अ‍ॅक्सिलरेटर पिळले जातात, तिनावर पहिली रांग निघालेली असते. पुढची चाकं आधीच झेब्रा क्रॉसिंगवर. ते पट्टेही इतके झिजलेले की शोधावे लागतात. भाजीची पिशवी एका हातात धरून, दुसरा तळवा गाड्यांसमोर उगारत एक बाई हँडलांच्या मधून वाट काढते. तिच्यासाठी हिरवा दिवा लागलेला असतो, तरी ती जणू माफी मागत पलीकडे जाते. आणि मागून हॉर्न वाजतो तो ओळ मोडणाऱ्यासाठी नव्हे. पांढऱ्या रेषेच्या मागे थांबलेल्या एकट्या माणसासाठी वाजतो.

यंत्रणेला यातून सोडता येणार नाही. यू-टर्न अर्धा-पाऊण किलोमीटर लांब ठेवला की राँग साइडचा प्रवाह सुरू होणारच. फुटपाथ स्टॉल, डीपी आणि पार्किंगने भरले की माणूस रस्त्यावर उतरणारच. २००६ साली कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटीचा प्रयोग झाला. बससाठी राखलेल्या त्या लेनमध्ये दुचाक्या घुसल्या, त्यांना अडवायला पुरेसं कुणी नव्हतं, आणि पुढे काही रस्त्यांवरून ती लेनच उखडली गेली. बस भरवशाची नाही म्हणून घरटी गाड्या वाढल्या, आणि गाड्या वाढल्या म्हणून बस अडकली. पण यू-टर्न लांब आहे हे राँग साइडने येण्याचं कारण झालं, परवाना नव्हे. नवले पुलाच्या उतारावर डिझेल वाचवण्यासाठी ट्रक न्यूट्रलमध्ये टाकणारा चालकही असाच हिशेब करतो : बचत माझी, धोका दुसऱ्याचा.

आपण भांडतो कशासाठी, तेही बघण्यासारखं आहे. २०१९ च्या सुरुवातीला हेल्मेटसक्ती सुरू झाली तेव्हा शहरात कृती समिती उभी राहिली, आंदोलनं झाली, केस गळण्यापासून मानेच्या दुखण्यापर्यंत सगळे युक्तिवाद झाले. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतल्या ५० हजारांहून अधिक दुचाकीवरच्या माणसांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, तर ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. हेल्मेटविरोधात जेवढा त्वेष दिसला, तेवढा झिजलेल्या झेब्रा पट्ट्यासाठी या शहरात कधी दिसला नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा सतरा वर्षांचा होता, आणि जामिनाच्या अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. लोक संतापले, ते योग्यच झालं. पण त्याच वर्षी जूनमध्ये क्लास सुरू झाले तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची मुलं आईबापांनी दिलेल्या गाड्यांवर ट्रिपलसीट फिरत होतीच. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली आहे. ‘सोसायटीच्या गेटपर्यंतच जातो’ असं म्हणणाऱ्या घरात ती कुणी वाचलेली नसते.

दंड वाढवून पाहिला, कॅमेरे लावून पाहिले. ई-चलान मोबाइलवर येतं, साठत राहतं आणि लोकअदालतीत तडजोड होईल या आशेवर पडून राहतं. कॅमेरा हाही शेवटी मामाच. तो कुठे आहे हे आठवड्याभरात सगळ्यांना कळतं. प्रत्येक चौकात माणूस उभा करणं कोणत्याच शहराला परवडत नाही. पालिकेने पट्टे रंगवावेत, फुटपाथ मोकळे करावेत, बस वेळेवर सोडाव्यात. त्यासाठी नगरसेवकाला धारेवर धरावं. पण पांढऱ्या रेषेच्या मागे थांबायला निविदा काढावी लागत नाही. उद्या सकाळी, मामा नसताना, मागून कितीही हॉर्न वाजले तरी तिथे थांबा. आणि घरातल्या पंधरा वर्षांच्या पोराने मागितलेली किल्ली खिशातच राहू द्या.