साक्ष आणि निवाडा

अप्रिय वार्ता आणणाऱ्या दूतालाच शासन करणाऱ्या राजांना आपण अविचारी म्हणतो. तोच अविचार आपल्या नित्य व्यवहारात किती सहज शिरतो, हे मोटारीच्या गॅरेजात दिसून येते.

इंजिनाचा दिवा लागतो. मिस्त्री तपासणीचे यंत्र जोडतो आणि 'पी ०१३१' हा क्रमांक उमटतो. त्याचा अर्थ एवढाच की, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरकडून येणारे व्होल्टेज फार कमी आहे. पण तत्काळ निवाडा होतो : सेन्सर गेला, नवा बसवा!

हा सेन्सर जाणतो तरी काय? इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या नळीत तो बसविलेला असतो. सुमारे तीनशे अंश तापल्यावर तो त्या वायूतील ऑक्सिजनची बाहेरच्या हवेशी तुलना करतो. ऑक्सिजन विपुल असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट, अत्यल्प असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, एवढीच त्याची भाषा. पेट्रोल त्याला ठाऊकच नाही. नळीच्या सांध्याला सेन्सरच्या अलीकडे चीर पडून बाहेरची हवा आत आली, किंवा प्लगची ठिणगी न पडल्यामुळे हवा न वापरताच बाहेर गेली, तरी तो म्हणतो, 'ऑक्सिजन फार आहे'. इंजिनाचा संगणक समजतो की पेट्रोल कमी पडले, आणि अधिक पेट्रोल ओततो. साक्ष खरी, पण निवाडा खोटा!

आपल्या नैयायिकांनी अशा हेतूला 'सव्यभिचार' म्हटले आहे. साध्य नसतानाही जो हेतू आढळतो, त्यावरून अनुमान करता येत नाही. क्रमांक उमटला म्हणून सेन्सर सदोष ठरत नाही. तो सदैव निर्दोष असतो, असेही नव्हे. सिलिकॉनचा थर बसलेला सेन्सर खोटी साक्ष देतो. म्हणूनच उलटतपासणी हवी. मिश्रणात मुद्दाम इंधन वाढवावे. व्होल्टेज चटकन चढले, तर साक्षीदार विश्वासार्ह आहे. मग चीर, तारा, प्लग पाहावे.

या तपासाला वेळ लागतो. भाग बदलणे सोपे, आणि क्रमांक पुसून टाकणे त्याहूनही सोपे. पुसताना दोष घडला त्या क्षणाची यंत्राने जपलेली नोंदही नाहीशी होते. दिवा विझतो, दोष राहतो.

यात फसतो तो केवळ मालक नव्हे. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ही स्वनिदानाची व्यवस्था सक्तीची झाली, ती हवेच्या रक्षणासाठी. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला तापवून निकामी करते, आणि त्यानंतरचा विषारी वायू रस्त्याने पायी जाणाऱ्याच्या छातीत शिरतो. तो दिवा मोटारीत न बसलेल्यांच्या वतीने बोलत असतो. त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेणे आणि मगच निवाडा करणे, हे मालक व मिस्त्री या दोघांचेही त्या अनोळखी माणसांप्रत कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.