सर्वानुमते मंजूर

महाराष्ट्रातल्या बहुतेक सहकारी संस्थांचे इतिवृत्त उघडले की एक वाक्य पानोपानी भेटते : ‘सविस्तर चर्चेअंती सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ चर्चेत कोणी काय विचारले, उत्तर काय मिळाले, याचा पत्ता नसतो. सूचक, अनुमोदक आणि खाली सह्या. वर्षानुवर्षे हीच रीत चालते आणि तीच संस्थेच्या एकजुटीची खूण मानली जाते. मला ती धोक्याची खूण वाटते. ज्या संचालक मंडळाच्या पाच वर्षांच्या कारभारात एकही विरोध नोंदला गेला नाही, त्याने आपले मुख्य काम केले का, अशी शंका सभासदाने घ्यायलाच हवी. निर्णयाआधी प्रश्न विचारणे आणि समाधान झाले नाही तर तसे इतिवृत्तात लिहून घेणे, हे ते मुख्य काम. बाकीचा कारभार पगारी माणसे करतात, आणि त्यांनीच तो करावा.

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचावे. सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले, तेव्हा खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा उरली होती. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली; पण निवृत्तांची पुंजी आणि गृहनिर्माण संस्थांचे निधी अडकायचे ते अडकलेच. बँकेच्या एकूण कर्जापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे होती आणि ते झाकण्यासाठी २१ हजारांवर बनावट कर्जखाती दाखवली गेली, असे तपासात पुढे आले. ही खाती रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत होती. बँकेच्या संगणकप्रणालीत ती उघडलेलीच नव्हती. संचालक मंडळाला याची कल्पना नव्हती, असे तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला कळवले. ते जसेच्या तसे खरे मानू. तरीही यादीतली कोणतीही वीस खाती मी निवडतो, ती मला पडद्यावर दाखवा, असे एका संचालकाने एका बैठकीत म्हटले असते तर तो बनाव टिकणे फार अवघड होते. जानेवारी २०२२मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला दहा वर्षांपर्यंतच्या परतफेडीचे वेळापत्रक आले.

यावर नेहमीचे उत्तर असे की संचालक हे शेतकरी, शिक्षक, व्यापारी असतात. ताळेबंदातली मेख त्यांना कशी कळणार? या आक्षेपात तथ्य आहे, आणि कायद्यानेही ते ओळखले आहे. २०११च्या ९७व्या घटनादुरुस्तीनंतर राज्याच्या सहकार कायद्यात तज्ज्ञ संचालकांची तरतूद आली. त्या घटनादुरुस्तीतला राज्यांतल्या संस्थांविषयीचा भाग सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये रद्द केला, तरी राज्याच्या कायद्यातली ही सोय कायम आहे. अनेक ठिकाणी मात्र तिचा उपयोग निवडणुकीत पडलेल्या कार्यकर्त्याच्या पुनर्वसनासाठी होतो. प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांनी पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना अध्यक्षपदी बसवले. हिशेब विचारू शकेल असा बाहेरचा माणूस त्यांनी होऊन डोक्यावर घेतला, आणि पहिला गळीत हंगाम १९५०-५१मध्ये त्याच व्यवस्थेत पार पडला. शिवाय कामाचे बहुतेक प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. सर्वांत मोठे वीस कर्जदार कोण? त्यांच्यातले एकमेकांचे नातलग किती? मागच्या लेखापरीक्षणातल्या किती दोषांची दुरुस्ती झाली? हे विचारण्यासाठी गावचा व्यवहार कळणारा माणूस पुरेसा असतो. नातीगोती तर त्याला कोणत्याही सनदी लेखापालापेक्षा अधिक ठाऊक असतात.

खरी अडचण ज्ञानाची नाहीच. हाच संचालक नोकरभरतीत भाच्याचे नाव सुचवताना, शाखाधिकाऱ्याची बदली करवताना, अमक्याचे कर्ज लवकर सोडा असे फोनवर सांगताना अजिबात बुजत नाही. जिथे त्याने हात घालू नये तिथे तो रोज असतो, आणि जिथे बोलायला हवे तिथे भत्त्याच्या वहीवर सही करून निघतो. अजेंड्याच्या शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ असतात. जागाखरेदी, एकरकमी परतफेडीतली सूट, मोठ्या कर्जाची मुदतवाढ असे भारी विषय पुष्कळदा इथेच येतात, म्हणजे टिपण आधी कोणी वाचलेले नसते. असा विषय पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवा, एवढे म्हणण्याची सवय लागली तरी संस्थेचा मोठा बचाव होईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विरोधाने गटबाजी माजते, संस्था कोर्टकज्ज्यात बुडते, असे अनुभवी कार्यकर्ते सांगतात, आणि अशा संस्था आपल्याला ठाऊक आहेत. मात्र गटबाजी पॅनेलच्या निवडणुकीतून येते, बैठकीतल्या प्रश्नांतून नाही. गटाचा माणूस ठराव कोणाचा आहे ते पाहून हात वर करतो. प्रश्न विचारणारा आपल्याच पॅनेलच्या अध्यक्षाला कागद मागतो. निर्णय झाल्यावर त्याने तो पाळावा आणि बाहेर कुरबुर करू नये, ही अपेक्षा रास्त आहे. त्यासाठी आत मोकळेपणाने बोलता आले पाहिजे. आतली तोंडे बंद केली की तीच कुजबुज ठेवीदारांच्या रांगेपर्यंत जाते.

उरला प्रश्न मानद कामाचा. फुकट काम करणाऱ्यावर इतका भार टाकला तर चांगली माणसे येणार नाहीत, हे म्हणणे मला अर्धवट पटते. पण कायदा मानधन पाहत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम ८८खाली संस्थेच्या नुकसानीची रक्कम दोषी संचालकाकडून व्याजासह वसूल करता येते. तेव्हा ‘मला ते पटले नव्हते’ म्हणणाऱ्यापाशी इतिवृत्तातली नोंद नसेल तर दुसरा आधार कोणता? विरोध लिहून घेणे ही चांगल्या माणसाची ढाल आहे, म्हणूनच त्याने बिचकू नये.

संचालक गप्प राहिले तरी सभासदाला गप्प बसण्याचे कारण नाही. याच कायद्याच्या कलम ३२नुसार सर्वसाधारण सभेचे आणि व्यवस्थापक समितीच्या सभांचेही इतिवृत्त संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. आपल्या पतसंस्थेत, बँकेत, सोसायटीत जा आणि मागच्या वर्षभराचे इतिवृत्त मागून वाचा.