पावित्र्य आणि मिश्रण

पावित्र्य म्हणजे परक्याचा स्पर्श टाळणे, ही समजूत धर्माचारात कितीही दृढमूल झालेली असली, तरी सृष्टीच्या दफ्तरात ती कोठेही नमूद नाही. १९७७ साली जपानचे शिराकावा, न्यूझीलंडमध्ये जन्मलेले मॅकडायर्मिड आणि अमेरिकेचे हीगर या शास्त्रज्ञांनी पॉलिअ‍ॅसिटिलिनच्या पापुद्र्यावर आयोडीनच्या वाफेचा संस्कार केला, तेव्हा परक्या अणूंनी रेणूच्या साखळीतील काही इलेक्ट्रॉन काढून घेऊन विद्युत्प्रवाहाला वाट मोकळी करून दिल्यामुळे त्या पापुद्र्याची वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. तरीही परक्याला दूर ठेवण्याची ती समजूत ज्ञानाच्या मंदिरातही शिरते: १९३३ साली केवळ स्त्री म्हणून, विज्ञान शिकू इच्छिणाऱ्या कमला भागवतांना बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत प्रथम प्रवेश नाकारला गेला. पुढे त्यांनीच केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. सत्य ही कोणाचीही मिरास नव्हे. म्हणून ज्ञानाचे दार अडविणारा जिज्ञासूचा जितका, तितकाच धर्माचाही अपराधी होय.