सायकलवरचे सामान आणि परिग्रहाची मर्यादा

तंबू आणि अंथरूण बरोबर घेऊन लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाला निघणाऱ्या माणसाला काय न्यावे यापेक्षा काय मागे ठेवावे, याचाच विचार अधिक करावा लागतो. हा विचार वरवर केवळ सोयीचा वाटला, तरी भारतीय धर्मपरंपरांनी ज्याला अपरिग्रह म्हटले, म्हणजे गरजेपलीकडचा संग्रह आणि त्यावरील स्वामित्वाची भावना या दोहोंचा त्याग, त्या व्रताच्या अगदी जवळ तो जाऊन पोहोचतो. त्यातून असा प्रश्न उभा राहतो की, सामान हलके करणे हे स्वतःच एक धर्माचरण आहे काय, की ती प्रवास सुखाचा करण्याची केवळ एक युक्ती आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी ओझ्याची भौतिक किंमत नेमकी किती, हे पाहणे आवश्यक आहे, कारण ती बहुधा वाढवून सांगितली जाते. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य विरोधक हवा असते आणि जादा वजनाचा परिणाम तेथे फारसा जाणवत नाही. तो जाणवतो घाटाच्या चढावर. १० किलो जादा वजन १,००० मीटर उंचीवर नेण्यासाठी सुमारे ९८ किलोज्यूल कार्य करावे लागते आणि स्नायू अन्नातील ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच ऊर्जा पेडलपर्यंत पोहोचवत असल्यामुळे शरीराचा प्रत्यक्ष खर्च १०० किलोकॅलरींच्या आसपास जातो, म्हणजे मध्यम आकाराच्या एका पोळीतून मिळणाऱ्या ऊर्जेइतका. चढाला लागणारा वेळ आणि गुडघ्यांवरचा ताण यांची भर त्यात घातली, तरी एवढ्या हिशेबावर वैराग्याची इमारत उभी राहू शकत नाही. ज्यांना हलकेपणाचे मोल खरोखर मोठे वाटते, त्यांना त्याचा आधार वजनकाट्याबाहेर शोधावा लागेल.

तो आधार जैन विचारात सर्वांत सूक्ष्मपणे मांडलेला आढळतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही. मूर्च्छा, म्हणजे वस्तूविषयीची ‘ही माझी’ अशी गुंतलेली आसक्ती, हाच तेथे परिग्रह मानला आहे. या व्याख्येचा आधार घेऊन श्वेतांबर परंपरेने असे प्रतिपादन केले की, संयमाच्या पालनासाठी ठेवलेली वस्त्रे व पात्रे हा परिग्रह नव्हे. दिगंबर परंपरेने मात्र वस्त्र अंगावर असताना आसक्ती पूर्णपणे सुटली आहे, हे मान्य करण्यास नकार दिला. तरीही दिगंबर मुनीजवळ मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि शास्त्रग्रंथ या गोष्टी असतातच, आणि त्यांचे समर्थन अनुक्रमे संयमाचे, शौचाचे व ज्ञानाचे उपकरण असे केले जाते. वस्तूंचा इतका कठोर त्याग करणाऱ्या परंपरेलाही उरलेल्या प्रत्येक वस्तूचे प्रयोजन स्पष्ट सांगावे लागले, ही बाब फार महत्त्वाची आहे, कारण या विचारपद्धतीत वस्तूला नकार देण्याइतकेच तिचे प्रयोजन सांगणेही बंधनकारक ठरते.

या कसोटीवर आजच्या हलक्या सामानाचे परीक्षण केले, तर निष्कर्ष सुखद निघत नाही. टायटॅनियमचे भांडे, काही ग्रॅम वाचवणारा महागडा तंबू, पिसांनी भरलेली स्लीपिंग बॅग यांमुळे सायकलवरचे वजन खचितच घटते. परंतु दर हंगामात त्याहून हलकी वस्तू बाजारात आली की हातातली वस्तू जड वाटू लागत असेल, तर कॅरिअरवरून उतरलेले ओझे मनावर चढले, असेच म्हणावे लागेल. जैन आचार्यांनी बाह्य परिग्रहाचे दहा आणि आभ्यंतर, म्हणजे अंतःकरणातील, परिग्रहाचे चौदा प्रकार सांगितले आहेत. या चौदांत क्रोध, मान, माया आणि लोभ यांच्याबरोबर भयाचीही गणना होते. भयाला परिग्रह मानण्यात फार खोल निरीक्षण आहे. तिसरी ट्यूब, चौथा सदरा, कधीच न लागणारी औषधे अशा वस्तू बहुधा गरजेपोटी येत नाहीत. त्या भयापोटी भरल्या जातात, आणि म्हणून भय ओळखल्याशिवाय त्या पिशवीबाहेर निघतही नाहीत. थॉमस स्टीव्हन्स या प्रवाशाने एप्रिल १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर प्रस्थान ठेवले आणि डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामा येथे आपली पृथ्वीप्रदक्षिणा संपवली. वाटेत लाहोर ते कलकत्ता हा भागही त्याने पार केला. निघताना त्याच्याजवळ मोजे, एक जादा सदरा आणि तंबू व अंथरूण म्हणूनही उपयोगी पडणारा पावसाळी कोट एवढेच सामान होते, पण त्या सामानातही एक रिव्हॉल्व्हर होते.

बौद्ध विनयाने, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या संहितेने, हाच प्रश्न अधिक व्यावहारिक अंगाने हाताळला. परंपरेने मानलेल्या भिक्षूच्या आठ परिष्कारांत, म्हणजे आवश्यक वस्तूंत, तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे साधन यांचा समावेश होतो. या यादीतील सुई विशेष लक्षात घेण्यासारखी आहे, कारण फाटलेले शिवता आले की दुसरे जवळ बाळगण्याचे कारण उरत नाही. जुन्या पात्राला पाच ठिकाणी सांधण्याची वेळ येण्यापूर्वी नवे पात्र मागणे हा विनयात दोष मानला आहे. पंक्चर काढणे, साखळीचा तुटलेला दुवा जोडणे, तार बदलून चाक सरळ करणे ही कौशल्ये ज्याला अवगत आहेत, त्या सायकलस्वाराला या नियमाचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तथापि येथवरच्या विवेचनात एक मोठी उणीव राहते. भिक्षूचे सामान अल्प राहू शकते, कारण त्याच्या अन्नाचा भार गृहस्थ उचलतो. महाराष्ट्रात रूढ असलेल्या मधुकरीच्या प्रथेत एकाच घरावर भार न टाकता अनेक घरांतून थोडेथोडे अन्न घेतले जाई, म्हणजे घेणाऱ्याचे रिते हात देणाऱ्याला कोठे जड होतात, याची जाणीव त्या प्रथेत होती. पंढरीच्या वारीत अनेक दिंड्यांचे तंबू आणि शिधा ट्रकमधून पुढे जातो. चालणाऱ्याचा खांदा मोकळा राहतो, परंतु ओझे नाहीसे झालेले नसते आणि वारकरी ते सामुदायिक व्यवस्थेने वाटून घेतात. स्टीव्हन्सचा पावसाळी कोट पुरेसा ठरला, तो वाटेवरच्या लोकांनी त्याला अनेकदा आसरा आणि अन्न दिले म्हणून. लंडनमधील शिंपी थॉमस हायरम होल्डिंग याने याच्या उलट मार्ग धरला. सायकलवर नेता येईल इतका हलका तंबू आणि स्वयंपाकाचे साहित्य बरोबर घेऊन त्याने आयर्लंडमधील कॉनेमारा भागात प्रवास केला, त्यावर १८९८ मध्ये पुस्तक लिहिले आणि १९०१ मध्ये सायकलवरून तंबूप्रवास करणाऱ्यांची संघटना स्थापन केली. कोणाच्या दारी न जाता रात्र काढता यावी, यासाठी उचललेले हे वजन निव्वळ संग्रह म्हणून हिणवता येणार नाही. अल्पसंग्रह आणि इतरांवर भार न टाकणे ही दोन्ही मूल्ये खरी आहेत, आणि एक वाढवले की दुसरे काही अंशी उणे होते.

म्हणून सायकलस्वाराने संन्याशाच्या महाव्रताची भाषा वापरणे उचित नाही. जैन साधू वाहनच वापरत नाही. तो पायी विहार करतो आणि चातुर्मासात एका जागी राहतो. सायकलस्वार हा गृहस्थ आहे, आणि गृहस्थासाठी जैन परंपरेने परिग्रहपरिमाण हे अणुव्रत सांगितले आहे, म्हणजे किती बाळगायचे याची मर्यादा स्वतः आधीच ठरवून ती पाळणे. या व्रताच्या अतिचारांत, म्हणजे मर्यादाभंगाच्या प्रकारांत, भांडी व घरगुती वस्तू यांचाही उल्लेख येतो. भांड्यांची ठरलेली संख्या कायम ठेवून ती वितळवून मोठी करून घेणे हाही दोषच, असे श्रावकाचारावरील टीकांनी स्पष्ट केले आहे, कारण संख्या पाळूनही व्रत मोडता येते, हे त्या टीकाकारांनी ओळखले होते. तोच न्याय वजनाच्या आकड्याला लावला पाहिजे. तंबू, अंथरूण, स्टोव्ह, दुरुस्तीची हत्यारे आणि दोन जोड कपडे हे गृहस्थ प्रवाशाचे रास्त उपकरण होय. हत्यारांचे वजन टाळून परक्या गावातल्या माणसाच्या वेळेवर विसंबणे किंवा आकडा कमी दिसावा म्हणून घरी दुसरा, तिसरा तंबू जमवत राहणे, हे दोन्ही प्रकार या व्रताच्या दृष्टीने अतिचारच ठरतात.