होडीत बसण्याचा हक्क

अनिता डिफ्रँट्झ या अमेरिकी वल्हेकरी महिलेच्या नावावर ऑलिंपिकचे एक कांस्यपदक आणि जागतिक स्पर्धेतले एक रौप्यपदक आहे. याहून जास्त पदके मिळवलेले वल्हेकरी पुष्कळ सापडतील. पण खेळाडू स्पर्धेत उतरतो तो कोणाच्या मर्जीने, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याइतका स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी समोर येतो.

त्यांचा जन्म १९५२ साली फिलाडेल्फियात झाला. बालपण इंडियानापोलिसमध्ये गेले. आजोबा फेबर्न डिफ्रँट्झ तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वायएमसीएचे प्रमुख होते. बिल गॅरेट या कृष्णवर्णीय मुलाला इंडियाना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात जागा मिळावी म्हणून विद्यापीठाच्या अध्यक्षांना गाठणाऱ्यांत ते पुढे होते. घरचे बाळकडू असे असले, तरी नातीच्या वेळीही शाळेत मुलींच्या खेळाला फारसा वाव नव्हता.

वल्हे हाती आले ते कनेक्टिकट कॉलेजात, तेही योगायोगाने. १९७१ मध्ये, दुसऱ्या वर्षाला असताना, आवारात एक लांबलचक निमुळती होडी दिसली म्हणून त्यांनी हे काय आहे, असे विचारले. प्रशिक्षक बार्ट गुलाँग यांनी या उंच मुलीला रोइंग करून बघायला सुचवले. एवढ्या उशिरा सुरुवात बहुतेक खेळांत चालत नाही, रोइंगमध्ये चालते. आठ वल्ह्यांची होडी सुमारे १८ मीटर लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद असते. पावले फळीला जखडलेली आणि बसायची पाटी रुळांवर सरकणारी. वल्हेकरी गुडघे दुमडून पाटीसह सरकतो, पाते पाण्यात रोवतो आणि पायांच्या रेट्याने होडी ढकलतो. हातांची ओढ शेवटी. एकाचे पाते किंचित उशिरा पडले तरी सगळी होडी डगमगते. अंतिम रेषेकडे आठही जणांची पाठ असते, समोर पाहतो तो एकटा कॉक्स, म्हणजे होडीला दिशा देणारा.

१९७४ मध्ये पदवी घेऊन त्या फिलाडेल्फियाच्या व्हेस्पर बोट क्लबमध्ये दाखल झाल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कायद्याचे शिक्षणही सोबत चालू होते. १९७६ ला माँट्रियलमध्ये स्त्रियांचे रोइंग पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आले, तेही पुरुषांच्या निम्म्या, म्हणजे १००० मीटर अंतरावर. पूर्व जर्मनी आणि सोव्हिएत संघापाठोपाठ अमेरिकेची आठ जणींची होडी तिसरी आली. या होडीत येल विद्यापीठाची अ‍ॅन वॉर्नरही होती. त्याच वर्षी मार्चमध्ये येलच्या १९ वल्हेकरी मुली, उघड्या अंगावर स्त्री-पुरुष समानतेच्या नव्या कायद्याचे नाव लिहून, विद्यापीठाच्या क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयात उभ्या राहिल्या होत्या. कारण साधे होते: सरावानंतर मुलांना गरम पाण्याची अंघोळ मिळे आणि मुली ओल्या कपड्यांत बसमध्ये कुडकुडत त्यांची वाट पाहत. पदकांच्या यादीत ही हकीकत येत नाही. १९७८ मध्ये चार जणींच्या होडीत डिफ्रँट्झ यांना जागतिक रौप्यपदक मिळाले.

पुढचे लक्ष्य होते १९८० चे मॉस्को. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि अध्यक्ष कार्टर यांनी बहिष्काराची हाक दिली. सरकारी दबावाखाली अमेरिकी ऑलिंपिक समितीने एप्रिलमध्ये संघ न पाठवण्याचा ठराव केला. डिफ्रँट्झ यांनी इतर खेळाडूंसह समितीवर दावा लावला आणि मे महिन्यात न्यायालयाने तो फेटाळला. समितीने संघच पाठवायचा नाही असे ठरवल्यावर १९७८ चा क्रीडा कायदा खेळाडूला स्पर्धेत उतरण्याचा हक्क देत नाही, असा निकालाचा आशय होता. कायद्याच्या चौकटीत निकाल ठीक असेलही. पण घाम गाळावा खेळाडूने आणि नाही म्हणावे दुसऱ्यानेच, ही व्यवस्था त्याने उघडी पाडली. (बहिष्काराने हॉकीचे मैदान रिकामे झाले, त्यात भारताला पुरुषांचे सुवर्णपदक मिळाले. एकाचे बंद झालेले दार दुसऱ्याला उघडते, हेही खरेच.) ज्यांच्यामुळे बहिष्कार घातला त्या सोव्हिएत फौजा मात्र १९८९ पर्यंत अफगाणिस्तानातच राहिल्या.

डिफ्रँट्झ पुन्हा ऑलिंपिकच्या पाण्यात उतरल्या नाहीत. निर्णय जिथे होतात तिथे जायचे, हा पुढचा मार्ग त्यांनी पत्करला आणि तो पदकाहून मोलाचा ठरला. लॉस एंजेलिसच्या १९८४ च्या ऑलिंपिकच्या आयोजनात त्या होत्या. त्या स्पर्धेच्या शिलकीतून उभ्या राहिलेल्या, मुलामुलींना खेळाची संधी देणाऱ्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी १९८७ पासून २०१५ पर्यंत सांभाळले. १९८६ मध्ये त्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या सदस्य झाल्या. त्या समितीत १९८१ पर्यंत एकही स्त्री नव्हती. १९९६ च्या अटलांटा स्पर्धेत महिलांचा फुटबॉल आणि सॉफ्टबॉल आला, त्यामागे त्यांचाही पाठपुरावा होता. १९९७ मध्ये त्या समितीच्या पहिल्या महिला उपाध्यक्ष झाल्या. २००१ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक लढवणारी पहिली स्त्रीही त्याच; पहिल्याच फेरीत त्या बाद झाल्या. त्या पदावर स्त्री निवडून यायला २०२५ साल उजाडले.